ग्रहनिर्माण संस्थेतले देवरे सर

देवरे सरांचा विषय निघाला की मी पाण्याच्या टाकीचा विषय काढतो. आमच्या सोसायटीत टाकीचा विषय कधीही काढला तरी चालतो, आणि एकदा निघाला की तासभर दुसऱ्या कशाला जागा राहत नाही. कित्येक वर्षं मी हेच करत आलो. आता नवी टाकी बसली आहे, तिच्यात बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि मीही ऐंशीला टेकलो आहे.

गेल्या आठवड्यात खाली नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "तिसऱ्या मजल्यावर दगड गोळा करून घाण करणारे एक मास्तर राहायचे ना, तो फ्लॅट हाच का?" घाण करणारे. बाईंनी सरांना पाहिलेलंही नाही. म्हणजे ही गोष्ट आता सरांच्या शिवायही चालते आहे. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. सवयीने टाकी बघायला गेलो. वर गेल्यावर लक्षात आलं की टाकीत बघण्यासारखं काही नाही, आणि तिथेच ठरवलं की हे लिहून काढायचं.

आमची सोसायटी पंचवटीत. इमारत बांधून झाली तेव्हा पाटी रंगवणाऱ्याने 'गृहनिर्माण' लिहिण्याऐवजी 'ग्रहनिर्माण' लिहिलं. वर सोसायटीचं नाव आणि खाली ठळक अक्षरांत 'सहकारी ग्रहनिर्माण संस्था मर्यादित'. आम्ही बारा बिऱ्हाडं वर्षानुवर्षं त्या पाटीखालून दूध-भाजी आणत होतो. कुणीही ती वाचली नाही. ती पहिल्यांदा वाचली देवरे सरांनी.

ते खरं तर शेजारच्या इमारतीतला फ्लॅट बघायला आले होते. मी फाटकाशी उभा होतो. एक बुटके, गोलमटोल गृहस्थ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, आमच्या पाटीकडे बघत उभे राहिले. एजंट त्यांना हाका मारत होता. ते हलेनात. शेवटी मला म्हणाले, "इथं ग्रह बनवतात?"

मी ओशाळून सांगितलं की पेंटरची चूक आहे, दिवाळीला दुरुस्त करून घेणार आहोत.

"नका करू," ते अहिराणी वळणाने म्हणाले. "चूक नाही शे ती. आणि 'मर्यादित' तर फारच बरोबर लिहिलंय. सूर्याकडं ग्रहनिर्माण मर्यादितच झालं. आठ बांधून झाले, बाकी राडारोडा उरला. अजून पडलाय. कुणी उचलला नाही."

त्या पाटीवरून त्यांनी आमच्याकडे फ्लॅट घेतला. तिसरा मजला, माझ्या समोरचाच. मी तेव्हा चेअरमन होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी आपली ओळख करून दिली ती अशी: "दगडू नथू देवरे. नामपूरचा. भूगोलाचा मास्तर होतो. आधीची दोन भावंडं गेली म्हणून आईनं माझं नाव दगडू ठेवलं, म्हणजे देवाची नजर जाणार नाही. तेव्हापासून मी दगडांच्या बाजूचा."

दगड म्हणजे त्यांच्या लेखी आकाशातले. मोठ्या ग्रहांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. शनीची कडी बघायला कुणी गच्चीवर आलं की ते दुर्बीण लावून देत आणि स्वतः कठड्याला टेकून पाठमोरे उभे राहत. त्यांचं प्रेम होतं ते उरलेल्यांवर: लघुग्रह, धूमकेतू, बटुग्रह आणि यांपैकी नेमके कशातच न बसणारे. शास्त्रज्ञ या उरलेल्यांची वर्गवारी कशी करतात, कुणाला कुठल्या रांगेत उभं करतात, हे ते इतक्या तपशिलाने सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या घरात एखादं लग्न ठरायचं आहे.

ही आवड त्यांना कांद्यामुळे लागली होती. लहानपणी वडिलांच्या कांदाचाळीत ते कांदा निवडायला बसत. मोठा कांदा एकीकडे, मध्यम एकीकडे, लहान ती गोल्टी, दोन चिकटलेले तो जोडकांदा. "आकाशातबी जोडकांदे शेत," ते सांगत. "दोन दगड हळूच येऊन चिकटले आणि तसेच राहिले. फोटो आलाय." आणि मग त्यांचा आवडता मुद्दा येई. शास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांतून काढून बटुग्रह केलं, इथवर त्यांची तक्रार नव्हती. तक्रार पुढच्या वाक्याशी होती: बटुग्रह हा ग्रह नव्हे.

"चेअरमनसाहेब, गोल्टीला भाव कमी मिळतो, मान्य. पण गोल्टी म्हणजे कांदा नाही, असं म्हणणारा माणूस नामपूरच्या मार्केटात संध्याकाळपर्यंत उभा राहील का?"

प्लूटोला काढलं तेव्हा ते शाळेत शिकवत होते. मुलांनी ग्रह किती लिहायचे, आठ की नऊ, असा प्रश्न आला. वरून काही खुलासा येईना. सरांनी आपल्यापुरता निकाल दिला की कायदा मागे जाऊन लागू होत नसतो. ज्या मुलाचा जन्म निर्णयाआधीचा, त्याला नऊ ग्रह. नंतर जन्मलेला शाळेत येईल, त्याला आठ. मुख्याध्यापकांनी विचारलं, एकाच घरातली दोन भावंडं असली तर? सर म्हणाले, थोरल्याला वडिलोपार्जित एक जास्त.

सेरेस नावाच्या एका गोळ्याबद्दल ते असेच कळवळून बोलत. सेरेसला आधी ग्रह म्हणाले, मग लघुग्रह केलं, आणि प्लूटोला खाली आणलं त्याच वेळी तिला वर नेऊन बटुग्रह केलं. सरांनी सरकारी शाळेत आयुष्य काढलेलं, त्यांना हे चित्र स्पष्ट दिसे. "एकाच खुर्चीवर एक जण बढतीनं आलेला, दुसरा शिक्षेवर. दोघं एकमेकांशी काय बोलत असतील?"

आमच्याकडे येऊन वर्ष झालं नसेल, तोवर त्यांनी सगळ्या सोसायटीची वर्गवारी करून टाकली. स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणारे ते ग्रह. भाडेकरू हे उपग्रह, कारण ते सूर्याभोवती सरळ फिरत नाहीत, मालकाभोवती फिरतात. कुलकर्णींचा फ्लॅट कायम बंद. ते परदेशातून दोन-तीन वर्षांनी उगवत आणि त्यांच्यामागून सुटकेसांची लांब शेपटी जिना चढे. ते धूमकेतू, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या सोनवण्यांचा भाचा कधी पाहुणा म्हणून, कधी घरचा म्हणून राही. तो सेंटॉर, अर्धा लघुग्रह, अर्धा धूमकेतू. त्याला ते इतकं आवडलं की त्याने मोटरसायकलवर तसं लिहून घेतलं.

मी गुरू झालो, सगळ्यांत मोठा. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. आमचे सेक्रेटरी आणि खजिनदार माझ्याबरोबर सकाळी फिरायला येत. एक जोरात चालायचा, एक रेंगाळायचा. सर गच्चीवरून बघत असत. एके दिवशी मला म्हणाले, "हे तुमचे ट्रोजन. गुरूच्या रस्त्यावरच फिरणारे दगड असतात, त्यांना ट्रोजन म्हणतात. एक टोळी साठ अंश पुढं, एक टोळी साठ अंश मागं. गुरूला कधी गाठायचं नाही आणि कधी सोडायचं नाही." सेक्रेटरी चिडले. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम माझ्या बरोबरीने चालू लागले. नाक्यापर्यंत आम्ही कसेबसे गेलो, पण बोलायला काही सुचेना. तिथून ते आपसूक पुढे निघून गेले.

याच सोनवण्यांकडे मार्चच्या सुरुवातीला नात झाली. बारशाला अवकाश होता. सरांनी जिन्यातच जाहीर केलं की नव्या दगडाला लगेच नाव देत नसतात. आधी तात्पुरता क्रमांक, कक्षा पक्की झाली की मग नाव. महिन्याच्या प्रत्येक पंधरवड्याला एक इंग्रजी अक्षर असतं. मार्चचा पहिला पंधरवडा म्हणजे ई. त्यातला पहिला शोध म्हणजे ए. तेव्हा बाळ सध्या 'ईए'. सोनवणे आजी भडकल्या. "माझ्या नातीला नंबर देता? ती काय रिक्षा आहे?" पण आठवड्याभरात सगळी इमारत बाळाला ईए म्हणू लागली, त्याचं इया झालं, आणि बारशाला ठेवलेलं नाव आज तिच्या आईलाही दोन क्षण आठवावं लागतं. परवा ती मला जिन्यात भेटली, म्हणाली, आजोबा, माझ्या नावाचा अर्थ काय? मी म्हटलं, मार्च.

सरांची खरी जोडी जमली ती तळमजल्यावरच्या अनंत गुरुजींशी. गुरुजी रामकुंडावर विधी करतात. त्यांना आकाशातले नऊ ग्रह ठाऊक होते, पण ते नऊ निराळे, त्यांत राहू-केतू येतात आणि प्लूटोचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे इतके दिवस ते या वादापासून दूर होते. एकदा फाटकाशी त्यांनी 'बटुग्रह' हा शब्द ऐकला आणि थांबले.

"बटू म्हणालात? बटू म्हणजे मुंज झालेला मुलगा. अहो सर, मग रडताय कशाला? बटूला घरातून हाकलत नाहीत, शिकायला धाडतात. सोडमुंज झाली की तो परत येतो आणि गृहस्थ होतो."

"ग्रहस्थ?" सरांनी विचारलं.

"गृहस्थ."

सरांनी वर पाटीकडे बोट दाखवलं. "आपल्याकडं दोन्ही एकच शे."

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. इतकी वर्षं जे वाक्य त्यांना सलत होतं, ते एका शब्दाने सुटलं होतं. प्लूटोला काढलेलं नव्हतं. त्याची मुंज लागली होती.

मग ती खरंच लावायची ठरली. एका रविवारी संध्याकाळी, गच्चीवर. प्लूटोच्या जागी सरांना गोल्टी कांदा ठेवायचा होता. गुरुजी म्हणाले, मुंजीत कांदा आणलात तर मी इथूनच परत फिरेन. वाद दोन दिवस चालला. शेवटी सुपारीवर तडजोड झाली, कारण सुपारीला काहीही मानता येतं. पण सरांची अट होती की सुपारी ग्रहासारखी, स्वतःच्या वजनाने गोल झालेली दिसली पाहिजे. भद्रकालीच्या बाजारात जाऊन त्यांनी दुकानदाराकडचं अर्धं पोतं उपसलं. मामा कोण, असा प्रश्न आला. चेअरमन म्हणून मला व्हावं लागलं. सोनवणे आजींनी रागावलेल्या असूनही भिक्षावळीत लाडू घातला. गुरुजींनी मंत्र अर्धेच म्हटले, म्हणाले, सुपारीला संध्या येणार नाही, उगाच खोटं नको. सोडमुंज पुढच्या वर्षी करायचं ठरलं. सरांनी सुपारी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली आणि त्यानंतर ती तिथेच असे.

त्या दिवशी मी मामा झालो. पुढे मी सरांना मामा बनवलं, ते आता सांगतो.

पावसाळ्यात आमची गच्ची गळायची. तिसऱ्या मजल्यावर सरांचं आणि माझं, अशी दोन्ही छतं ओली. सगळ्या गच्चीवर पत्र्याचं शेड टाकायचं, असं कमिटीने ठरवलं. मला एकमताने ठराव हवा होता. एकानेही विरोध केला तर उद्या महापालिकेत तक्रार जाईल, अशी धास्ती. अकरा जण तयार होते. सर नव्हते. ज्यांचं छत गळत होतं, तेच नको म्हणत होते. पातेली लावून घेतो, म्हणाले. पत्रे पडले की ग्रहनिर्माण संस्थेला आकाश उरणार नाही.

मी त्यांना दोनदा समजावलं. दोन्ही वेळा त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि नको म्हणाले. गुरूला नको ऐकायची सवय नव्हती.

आता या गोष्टीत काही पोती येतात, त्यांच्याबद्दल. त्याच सुमारास आम्ही बाथरूमचं काम काढलं होतं. पांढऱ्यावर निळी वेल असलेल्या जुन्या टाइल्स आमच्या हिला नको झाल्या होत्या. गवंड्याने त्या फोडल्या, तुकडे पोत्यांत भरले आणि जिन्याच्या वरच्या वळणावर, गच्चीच्या दाराशी नेऊन ठेवले. उद्या गाडी आणतो, म्हणाला. गवंड्याचा उद्या हाही एक धूमकेतूच. त्याच वळणावर सरांचे दगड असत, कांद्याच्या लाल जाळीदार पिशव्यांत भरलेले, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली: कुठे सापडला, कुठल्या जातीचा. गच्चीवर आलेल्यांना दाखवायला ते तिथे ठेवत. माझी पोती त्या पिशव्यांना लागून उभी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, सरांचा पसारा वाढला. कुणीतरी माझ्याकडे तक्रारही केली. मी बघतो म्हणालो.

सभा पार्किंगमध्ये भरली. सर उभे राहिले, विरोध आहे म्हणाले आणि बसले. मी आदल्या दिवसापासून तयारी करून आलो होतो. मी म्हटलं, सर, तुमच्याच नियमाने जाऊ. ग्रहाला तीन अटी आहेत ना? पहिली, सूर्याभोवती फिरायचं. तुम्ही सोसायटीला रोज तीन फेऱ्या मारता, मान्य. दुसरी, आकार गोल हवा. इथे सगळे हसले, सरही हसले आणि त्यांनी पोटावरून हात फिरवला. तिसरी, आपल्या कक्षेचा परिसर साफ केलेला हवा. "मग सर, जिन्याच्या वळणावर ती पोती कशी?"

सगळे सरांकडे वळले. मीही वळलो, आणि बाकीच्यांच्या चेहऱ्यावर जे होतं तेच माझ्या चेहऱ्यावर आणलं.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, ते म्हणतील, ती माझी नाहीत. मग मी हसत सांगणार होतो की अरे हो, माझीच, आणि विषय गमतीत जाईल. असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. त्या क्षणी असं काही माझ्या मनात होतं का, याची मला खात्री नाही.

सर विचारात पडले. खिशातल्या सुपारीला हात लावला. मग म्हणाले, "पोती माझ्या कक्षेत आहेत, हे खरं. ती कुणाची, हा प्रश्न नियमात नाही. नियमात एवढंच शे, परिसर साफ आहे की नाही. नाही."

"म्हणजे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"म्हणजे मी बटुसभासद. आणि बटुसभासद हा सभासद नसतो. मत धरू नका."

ते उठले, खुर्ची उचलली आणि भाडेकरू बसले होते त्या रांगेच्या मागे नेऊन ठेवली. लोक पोट धरून हसत होते. ठराव एकमताने झाला. गुरुजी तेवढे हसले नाहीत, ते माझ्याकडे बघत होते, पण त्यांना काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात खडखडाट ऐकू आला. मी दाराच्या काचेतून पाहिलं. सर माझा राडारोडा बादलीत भरून खाली नेत होते. थोडा थोडा, धापा टाकत, मध्ये पायरीवर बसत. मी दाराच्या आत उभा होतो, हात कडीवर. माझ्या मागे आमची ही येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "अहो, जा ना. सांगून टाका." मी म्हटलं, आत्ता गेलो तर विचित्र दिसेल. आठवडाभर ते हेच करत होते आणि रोज माझं आत्ता विचित्र होत गेलं.

परिसर साफ झाला. मग मी त्यांना जिन्यात अडवून म्हणालो, "सर, आता तुम्ही पूर्ण सभासद." तेवढी माझी हिंमत. ते म्हणाले, "असं होत नसतं, चेअरमनसाहेब. प्लूटोनं उद्या सगळं झाडून काढलं तरी ठराव आपोआप फिरत नाही. पुन्हा सभा लागते." सभा बोलावणं माझ्या हातात होतं. मी बोलावली नाही. सभेत पोत्यांचा विषय निघाला असता.

पत्रे पडले. गळती थांबली नाही, आता ती पत्र्याच्या सांध्यांतून होते. दुर्बीण गुंडाळून ठेवली गेली. सर फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहून दोन इमारतींच्या मधला तुकडा बघायचे. रिक्षावाले थांबून विचारायचे, कुठे जायचं बाबा? थंडी सरता सरता त्यांनी फ्लॅटला कुलूप लावलं आणि सामान टेम्पोत भरून ते नामपूरला गेले. निघताना मला एवढंच म्हणाले की पाटी बदलू नका. पाटी मी बदलली नाही. त्यांच्यासाठी माझ्या हातून झालेली ही एकच गोष्ट, आणि तीही काही न करण्याची.

मध्ये दोन वर्षं गेली. ही रोज म्हणायची, जाऊन या. शेवटी सटाण्याला एक लग्न निघालं, तिथून मी नामपूर गाठलं. बसमध्ये वाक्य पाठ करत होतो. सर चाळीत होते, कांदा निवडायला बसलेले, भोवती पुतण्याच्या घरच्या बायका. मला बघून इतके खूश झाले की माझं पाठांतर डगमगलं. बसायला पोतं दिलं. मीही निवडायला लागलो. माझ्या हातून गोल्टी मोठ्या ढिगात गेली की ते न बोलता उचलून बाजूला ठेवत.

मग आत घेऊन गेले. भिंतीला फळ्या मारून त्यांनी दगड मांडले होते, प्रत्येकासमोर चिठ्ठी. सांगू लागले: आकाशातून पडलेला दगड नुसता ओळखून भागत नाही, तो कुठल्या मोठ्या गोळ्याचा तुटलेला तुकडा आहे ते शोधतात. त्या गोळ्याला मूळ पिंड म्हणायचं. काहींचं मूळ सापडतं, काहींचं नाही. असं बोलत बोलत ते फळीच्या टोकाशी आले. तिथे टाइलचा तुकडा होता. पांढऱ्यावर निळी वेल. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'पंचवटी, जिन्याचं वळण. मूळ पिंड माहीत नाही.'

त्यांनी तो माझ्या हातात दिला. "ह्याचं काही सापडलं नाही. तुमचं काय म्हणणं, चेअरमनसाहेब?"

नळाला पाणी नसलं की सर आमच्या बाथरूममध्ये हात-पाय धुवायला यायचे. कितीदा आले असतील. ती वेल त्यांनी पाहिली नसेल, असं मी स्वतःला फार दिवस सांगत आलो. त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. शाळेत मुलाला उत्तर येतं हे ठाऊक असताना मास्तर खडू पुढे करून थांबतो, तसे ते थांबले होते.

मी तुकडा उलटा केला. मागे आमच्या भिंतीचं सिमेंट अजून चिकटलेलं होतं. मी म्हणालो, "सांगणं अवघड आहे, सर."

"बरं शे," ते म्हणाले. तुकडा परत घेतला, सदऱ्याने पुसला आणि जागेवर ठेवला. मग मला बसपर्यंत सोडायला आले. निघताना अर्धं पोतं गोल्टी बळेच गळ्यात मारली. म्हणाले, बायकोला सांगा, चवीला हीच चांगली. बस वळली तेव्हा मागच्या काचेतून दिसले, रस्त्याच्या मधोमध उभे, गोल, वर बघत. दिवसाउजेडी काय बघत होते कोण जाणे.

पुढच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. पुतण्याने दशक्रिया रामकुंडावर केली, अनंत गुरुजींच्या हातून. आम्ही सोसायटीतले बरेच जण गेलो होतो. पुतण्याने सरांच्या सदऱ्यात सापडलेली सुपारी आणली होती, ती गुरुजींनी पिंडाशेजारी ठेवली.

मी मनाशी पक्कं ठरवून गेलो होतो. पिंड मांडला की कावळा लगेच शिवत नाही, हे मी घाटावर जन्मभर बघत आलो आहे. लोक ताटकळतात. मग गुरुजी म्हणतात, गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल, कुणाला ठाऊक असेल तर बोला. नातेवाईक एकेक पुढे होऊन शब्द देतात. तेव्हा मी पुढे होणार होतो, सगळ्यांच्या देखत, सेक्रेटरी आणि खजिनदारांच्या देखत. माझ्या शेजारी गुरुजी हळूच पुटपुटले, "सोडमुंज राहिली हो सरांची." म्हणजे त्यांच्याजवळही एक उत्तर तयार होतं. मी माझं वाक्य जुळवत होतो. त्यात सरांचा शब्द घालायचं ठरवलं होतं, म्हणजे त्यांना ओळख पटेल.

गुरुजींनी पिंड ठेवला, आणि ते मागे सरायच्या आत कावळा आला. वाट बघितली नाही, फांदीवर बसला नाही, डोकं वाकडं करून आमच्याकडे पाहिलं नाही. सरळ उतरला, पिंडाला चोच लावली, सुपारी ओलांडून दुसरा घास घेतला आणि उडाला. लोक म्हणाले, वा, किती समाधानी जीव. सगळे अंगावरचं पाणी झटकत उठले. पुतण्या डोळे पुसत गुरुजींच्या पाया पडला. मला कुणी काही विचारलं नाही.

मी पायरीवर बसून राहिलो. ओठांवर आलेलं तेवढं एकच होतं, आणि ते अजून तिथेच आहे: सर, त्या तुकड्याचं मूळ सापडलं, पोती माझी होती.